नात विमानात झोपावी म्हणून

माझ्या नातीला विमानात झोपेचं औषध द्यावं की देऊ नये, या प्रश्नावाचून अख्ख्या मोताळ्यात कोणाचंच काही अडलं नव्हतं. आठवडी बाजार भरत होता, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात होत्या, सोयाबीनच्या भावावरून चहाच्या टपरीवर लोक हमरीतुमरीवर येत होते. मी एकटी मात्र गेल्या हिवाळ्यात सकाळी डोळे उघडल्यापासून याच एका विषयाला चिकटून होते. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला निवृत्तीनंतर दुसऱ्याच्या आयुष्यात लक्ष घालायला भरपूर वेळ मिळतो, आणि मी तो वाया घालवत नाही.

माझी लेक कॅनडात असते. लेकरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच माहेरी येत होती. आम्ही नवराबायको मलकापूर स्टेशनवर घ्यायला गेलो, तेव्हा दोन वर्षांची नात टवटवीत होती आणि लेकीचा चेहरा आठवडाभर तापाने पडल्यासारखा झाला होता. गाडीत बसल्यावर तिने सगळं सांगितलं. लेकरू विमान सुटल्यापासून रडत होतं. पुढच्या सीटवरच्या माणसाने उशी उचलली आणि दुसरी जागा मागून घेतली. मागच्या बाईने दोनदा सल्ला दिला. शेवटी ती पोरीला घेऊन विमानाच्या संडासात गेली, आतून कडी लावली आणि दोघी मिळून रडल्या. हे सांगून झाल्यावर तिने खिडकीबाहेर पाहत जाहीर केलं.

"आता ही शाळेत जायेपर्यंत मी काही येत नाही. माह्याकडून होत नाही वं आई."

मी लगेच मनात हिशेब मांडला. लेकरू शाळेत जाईपर्यंत माझे गुडघे, ह्यांचं ब्लडप्रेशर आणि नातीच्या तोंडची मराठी, यांतलं काय काय शिल्लक राहील ते सांगता येत नव्हतं. पण लेक माझीच आहे. रागात पण करायचा आणि मग तो मोडायला निमित्त शोधायचं, हा आमच्या दोघींचा स्वभाव. परतीचा प्रवास नीट झाला तर ती पुढच्या हिवाळ्यात येईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे परतीच्या विमानात नात झोपली पाहिजे. एवढं ठरलं आणि मी कामाला लागले.

कामाला लागले म्हणजे आधी नेमकं उलटं काम केलं, पण ते मला फार उशिरा कळलं.

नात तिकडे वेगळ्या खोलीत, आपल्या पलंगावर, एकटी झोपते असं लेकीने सांगितलं तेव्हा मला धक्काच बसला. एवढंसं लेकरू, आणि दार लोटून आईबाप पलीकडच्या खोलीत. मी ह्यांना माळ्यावरून दोर काढायला लावला. आमच्या मधल्या खोलीत स्लॅबला कडी आहे. घर बांधताना मी मिस्त्रीच्या मागे लागून ती बसवून घेतली होती, तेव्हा लेक कॉलेजात होती आणि मिस्त्री हसला होता. त्या कडीला माझ्या जुन्या सुती साडीची झोळी बांधली. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवायची, हात मोकळे ठेवायचे, हातांनी मेथी निवडायची किंवा तुरीच्या शेंगा सोलायच्या आणि पायाने झोका द्यायचा. आमच्याकडे बायका असंच करत आल्या आहेत. लेकीने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी नात झोळीत गाढ झोपली आणि लेकही शेजारच्या पलंगावर आडवी झाली, ती चहाच्या वेळेपर्यंत उठली नाही. त्यानंतर झोळीला कोणी नाव ठेवलं नाही.

पंधरा दिवसांत नातीला झोळीशिवाय झोप येईना. दुपारी डोळे चोळत ती यायची आणि माझा पायाचा अंगठा ओढायची. कोणी मला राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार दिला असता, तरी मी एवढी फुगले नसते. शेजारपाजारच्या बायकांना मी मुद्दाम त्याच वेळी बोलवायचे, आणि नात अंगठा ओढायला लागली की "काय करावं बाई, सोडतच नाही मले" असं वैतागून सांगायचे.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे विमानातल्या झोपेची तयारी. पहिला उपाय शेजारणीने सांगितला. ती माझ्याच वयाची आहे आणि तिला कुठल्याही दुखण्यावर घरातलाच उपाय माहीत असतो. जायफळ उगाळून दुधातून दोन वेढे द्यायचे, लेकरू मुंबईला झोपलं की तिकडेच उठेल. त्यावर मी थोडी घुटमळले, तर तिने आपल्या आईचा दाखला दिला. "माही माय कापूस येचाले जाये तं आम्हाले अफूची गोळी चारून जाये. आम्ही काय मेलो?" ती माझ्यासमोर धडधाकट बसून तुरीचे ओले दाणे, सोले, खात होती, त्यामुळे मला तो पुरावा पुरेसा वाटला. मी तो घरी जाऊन जसाच्या तसा लेकीसमोर मांडला. अफूचं नाव ऐकून लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच जायफळावर आले. जायफळ उगाळायला सहाण लागते आणि सहाण घेऊन विमानात बसू देत नाहीत, असं ती म्हणाली. हे खरं होतं, का तिने मला नुसतं टाळलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी मेडिकलमध्ये गेले. मेडिकलवाल्याने काही विचारलं नाही. लहान मुलांच्या सर्दीच्या सिरपची बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, हे सर्दीचंच आहे, पण बाई, सर्दी नसलेलेच जास्त नेतात. मला तो माणूस फार समंजस वाटला.

लेक मात्र वाचून वाचून पंडित झाली होती. अशा औषधाने काही लेकरं झोपण्याऐवजी उलट चवताळतात, रात्रभर नाचतात. प्रमाण चुकलं तर श्वासावर बेतू शकतं. आणि नुसतं झोपवायला म्हणून ते या वयाला देत नाहीत. तिने हे सगळं शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, तू लहान असताना एवढी थेरं नव्हती. ती म्हणाली, मग मला काय देत होतीस ते सांग. मी तुरीच्या शेंगा घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

पण हार मानली तर ती मी कसली. शाळेत विज्ञान शिकवताना मी पोरांकडून प्रयोगाची वही नीट लिहून घ्यायचे: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेकीला समोर बसवलं. साहित्य म्हणजे एक बाटली, एक चमचा आणि एक आजी. मी तिच्यादेखत सिरप घेतलं. चवीला गोड होतं, म्हणून थोडं जास्तच घेतलं. "पाह्य आता, काही होते का मले," असं म्हणून खुर्चीत बसले, झोळीची दोरी अंगठ्याला अडकवली आणि शेंगांचं सूप मांडीवर घेतलं.

पुढचं निरीक्षण माझं नाही, लेकीच्या मोबाइलमधलं आहे. खुर्चीत मी मान टाकून पडले आहे. तोंड उघडं. सूप कलंडलेलं, सोले फरशीवर. झोका थांबल्यामुळे नात जागी झाली, लेकीने तिला झोळीतून उतरवलं आणि गंमत म्हणून मोबाइल सुरू केला. नात माझ्याजवळ येते, साडी ओढते, "आजी, आजी" म्हणते. मी डोळे न उघडता म्हणते, "हजर." लेक हसताना ऐकू येते. नात माझी पापणी बोटाने वर उचलून आत पाहते. मी घोरते. ती पुन्हा हाक मारते, गालावर चापट मारते, मग दोन पावलं मागे सरकते आणि मोठ्याने रडायला लागते. तिथे लेकीने मोबाइल बंद केला.

मी जागी झाले तेव्हा दिवेलागण झाली होती. जीभ टाळूला चिकटलेली, डोकं दगडासारखं. लेकीने मला मोबाइलमधलं ते सगळं दाखवलं, आणि मी हसणार तेवढ्यात म्हणाली, "तू हलत नव्हती तं ती कशी घाबरली पाह्य. आता तुह्या जागी तिले ठेव आन् तिच्या जागी मले."

 मला खरंच भीती वाटली. पण भीती वाटली हे कबूल करण्याची सवय मला नाही. अनुमान लिहायचं मी टाळलं आणि प्रमाण चुकलं असं ठोकून दिलं. प्रमाण कोण सांगेल, तर डॉक्टर. म्हणून आपण बुलढाण्याला जाऊ.

बुलढाण्याचा लहान मुलांचा डॉक्टर माझ्या हाताखालून गेलेला. तिसरीत त्याला पाढे येत नसत, म्हणून मी त्याला बाकावर उभं केलेलं आहे. त्यामुळे माझी भिस्त त्याच्यावर होती. त्याने उठून नमस्कार केला, नातीला चॉकलेट दिलं, आणि मी सिरपची बाटली टेबलावर ठेवताच ती उचलून आपल्या खणात टाकली. म्हणाला, हे ॲलर्जीचं औषध आहे बाई, झोप हा त्याचा दुष्परिणाम आहे. कोणत्या लेकराला ते कसं लागेल ते आधी कळत नाही, आणि काही झालंच तर विमानात कोणाला बोलवणार? मी शेजारणीची अफूची गोळी बाहेर काढली आणि तिचं कुठे काय बिघडलं, असं विचारलं. तो सौम्यपणे म्हणाला, "बाई, ज्यांचं बिघडलं ते तुमच्या शेजारी राह्याले नाही आले."

लेकीने तेव्हा एक गोष्ट सांगितली, जी तिने मला सांगितली नव्हती. तिलाही औषध द्यावंसं वाटत होतं. येताना संडासात कडी लावून बसली होती तेव्हा कोणी काही हातात ठेवलं असतं, तर तिने ते विचार न करता पोरीला पाजलं असतं. म्हणूनच ती एवढं वाचत होती, म्हणूनच तिला माझा राग येत होता.  मी तिची आई, आणि मी पंधरा दिवस तिच्या डोक्याशी बाटली वाजवत होते.

डॉक्टरने तिला धीर दिला. पोरगी रडली म्हणून कोणी मरत नाही, लोकांना वैतागू द्या, म्हणाला. मग त्याने विचारलं, इथे ती कशी झोपते? हे विचारल्यावर मी सरसावून बसले. कडी, साडी, दोरी, अंगठा, सगळं रंगवून सांगितलं. घटकाभरात कशी गाढ झोपते तेही सांगितलं. तो लेकीकडे वळला. तिकडे कशी झोपते? लेक म्हणाली, एकटी, पलंगावर, ससा जवळ घेऊन.

त्याला हसू आवरेना. लहानपणी पाढे चुकल्यावर असंच खाली मान घालून हसायचा.

"औषध एकच आहे बाई. झोळी काढा."

विमानात झोळी कुठून आणणार, असं तो म्हणाला. जायला अजून दिवस आहेत, तोवर तिला पलंगावर आपली आपण झोपायची सवय परत लागू द्या. ससा, पांघरूण, गोष्ट, जे काही तिकडे असतं ते, आणि विमानातही तेच.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना मी तोंडातून शब्द काढला नाही, आणि ह्यांनी दोनदा आरशातून माझी तब्येत ठीक आहे का ते पाहिलं. मला सगळं लख्ख कळलं होतं, आणि कळलं होतं त्याचीच चीड आली होती. औषध दिलं असतं तर नात विमानात झोपली असती आणि माझी झोळीही राहिली असती. लेकराला गुंगी आणा, पण माझा अंगठा ओढायला येणारं कोणी काढून घेऊ नका, असा माझा एकूण आग्रह होता. मी त्याला विज्ञान म्हणत होते. लेक पुढच्या हिवाळ्यात यायला हवी असेल, तर झोळी आजच उतरवायला हवी होती. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं.

झोळी ह्यांनी उतरवली. साडीची घडी करून त्यांनी ती माझ्या हातात दिली, जशी काही माझी बदलीची ऑर्डर. पहिले दोन दिवस नात पलंगावर बसून कडीकडे बोट दाखवत रडली. मी घरात थांबू शकले नाही. फाटकाशी जाऊन उभी राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उगाचच तुरीचं पीक कसं आहे ते विचारत राहिले. लेक आत तिच्याजवळ बसून गोष्ट सांगत होती. तिसऱ्या दिवसापासून रडणं कमी झालं. आठवडा होत आला तेव्हा ती पलंगावर चढून सशाला कुशीत घ्यायची आणि झोपून जायची. सगळे माझं कौतुक करत होते, आईने किती समजुतीने घेतलं म्हणून.

आईची समजूत एका दुपारी संपली. लेक तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेली होती. नात डोळे चोळायला लागली. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी स्टूलवर चढले, या गुडघ्यांनी, आणि दोर कडीतून ओवला. साडी बांधली, नातीला आत ठेवलं, दोरी अंगठ्याला अडकवली आणि एक झोका दिला. वाटलं, आता पापण्या जड होतील. ती झोळीत उठून बसली आणि खदखदून हसायला लागली. तिला तो झोक्याचा खेळ वाटला. मी झोके देत राहिले, ती हसत राहिली. थोड्या वेळाने तिने हात वर केले, मी तिला उतरवलं. ती तुरुतुरु पलंगाकडे गेली, सशाला जवळ घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि झोपून गेली.

ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "सोडू का दोर?" मी म्हटलं, सोडा.

त्या दोघी गेल्या त्या दिवशी मी मलकापूरला हसून निरोप दिला. डब्यात दशम्या दिल्या, सशाला एक लोकरी टोपी विणून दिली होती ती घातली, आणि गाडी हलल्यावर ह्यांच्या खांद्याला धरून उभी राहिले. पुढे मुंबई, मग विमान. त्या सगळ्या काळात मी देवापुढे बसून एकच मागत होते, पोरीला झोप लागू दे. घरात कोणाला जेवायचं भान नव्हतं, म्हणजे मला नव्हतं. हे दोन वेळा व्यवस्थित जेवले.

फोन आला तेव्हा लेकीचा आवाज ऐकूनच कळलं. तिकडून हसतच बोलत होती. विमान सुटल्यावर थोडी कुरकुर केली, मग टोपीवाल्या सशाला घेऊन जी झोपली ती जेवायलाही उठली नाही. मधल्या विमानतळावर खेळली, पुढच्या विमानात पुन्हा झोपली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने किती गुणाची पोर आहे असं म्हटलं. आणि मी काही विचारायच्या आधीच लेक म्हणाली, पुढच्या डिसेंबरात येतो आई, आता मला भीती नाही वाटत.

मला एवढा आनंद झाला की मी ह्यांना स्वयंपाकघरातून ओरडून बोलावलं. तिला दोनदा वदवून घेतलं, डिसेंबरात ना, नक्की ना. हवं होतं ते सगळं पदरात पडलं होतं. तिथे फोन ठेवला असता तर मी शहाणी ठरले असते.

"मग माही आठवण काढली का तिनं?"

 लेक खोटं बोलत नाही, ही शिकवण मीच दिलेली. "नाही वं आई. झोपलीच होती ना ती."

छान झालं, मी म्हणाले. तेच तर पाहिजे होतं. फोन ठेवला आणि मला फार वाईट वाटलं. एवढे दिवस पोरीला झोप लागावी म्हणून जिवाचं रान केलं, देव पाण्यात ठेवले, आणि ती झोपली म्हणून मी रुसून बसले होते, तेही कोणावर, तर दोन वर्षांच्या लेकरावर. ह्यांनी चहा केला. मी तो पीत असतानाही दोन वेळा डोळे पुसले आणि आल्याचा तिखटपणा जास्त झाला असं सांगितलं. चहात आलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारीण कुंपणाशी आली. लेक सुखरूप पोचली का, ते तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग तिने तेच विचारलं जे ती विचारणार हे मला ठाऊक होतं. "अन् नात? रडली काय हो बाई इमानात?"

"लय रडली," मी म्हणाले. "आजी-आजी करत होती सारखी."

शेजारीण हळहळली, आणि मला जरा बरं वाटलं.